उतरत्या खांद्याचं विमान

आमच्या ह्यांनी एक्केचाळीस वर्षं कापड कापलं. शिवणारे दुसरे, हे कटिंग मास्तर. टेबलापाशी उभं राहायचं, खडूनं रेघ मारायची आणि कात्री चालवायची. एकदा कात्री फिरली की ब्रह्मदेव आला तरी कापड जुळत नाही, म्हणून हे तीनदा मोजायचे आणि मग कापायचे. दुकानात ते शोभलं. पण मोजायची खोड काय दुकानाला कुलूप लावलं म्हणून तिथेच राहते? भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर भरल्या ताटावरून उठतील. शेजारणीच्या पडद्याची एक बाजू बोटभर लांब आहे, हे त्यांनी तिला तिच्या घरी चहा पिताना सांगितलंय. आणि लग्न झाल्यावर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य म्हणजे, "तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे." मी नवी नवरी, काय बोलणार? म्हटलं, "असेल. मला घरी कुणी सांगितलं नव्हतं."

काम सुटल्यावर हात रिकामे झाले. दोन महिन्यांत ह्यांनी घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवले. मग माझ्या पायपुसण्यांवर नजर गेली. मी मुलाला फोन केला आणि म्हटलं, "बापाला काहीतरी खेळणं पाठव रे, नाहीतर उद्या मला उसवतील."

त्यानं खोकं पाठवलं. आत प्लास्टिकचे सुटे भाग, जोडून लढाईतलं विमान करायचं. खऱ्याच्या अठ्ठेचाळीस पट लहान. मला वाटलं होतं तोफाबिफा असतील, पण हे बिचारं साधंच. वर आडवा एकच लांब पंख, पंखाला खालून आधार म्हणून दोन्हीकडे एकेक तिरकी दांडी, पुढे एक पंखा. टेहळणी करायची आणि जखमींना उचलून आणायचं, एवढंच त्याचं काम.

हे खोकं घेऊन जिना चढत होते, तेव्हा तळमजल्यावरचे फिटरबाबा दारात उभे होते. वय शहाऐंशी, नजर अधू, एकटेच राहतात. तरुणपणी लढाईत विमानांची दुरुस्ती करायचे, म्हणून फिटर. सगळी इमारत मला काकू नाहीतर आजी म्हणते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला 'सूनबाई' म्हणणारा हा एकच माणूस उरलाय, त्यामुळे त्यांना मी चहाला कधी नाही म्हणत नाही.

त्यांनी खोकं नाकाला लावून पाहिलं आणि म्हणाले, "हे माझं आहे."

हे म्हणाले, "नाही हो, मुलानं पाठवलंय मला."

"खोकं तुमचं असेल, मास्तर. विमान माझं आहे. असल्याच एका विमानावर मी दोन वर्षं होतो. सतरा नंबर. त्याच्या शेपटावर सतरा घाला."

झालं. त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही जेवलो नाही.

खोक्यातला कागद म्हणत होता, चार दिवसांचं काम. कागद लिहिणाऱ्याची ह्यांच्याशी ओळख नव्हती. ह्यांनी वाचनालयातून विमानांचं जाडजूड पुस्तक आणलं, त्यातला नकाशा पातळ कागदावर उतरवून घेतला आणि एकेक प्लास्टिकचा तुकडा त्यावर ठेवून टेप लावायला लागले. मग रोज सकाळी चहाबरोबर मला एक बातमी. "नाक दीड मिलिमीटर आखूड आहे." "दाराची बिजागरी उलट्या बाजूला आहे." "शेपटावर इकडे एकशे बारा खिळे आहेत आणि तिकडे एकशे अकरा."

"मग एक पडला असेल," मी म्हटलं.

एकशे बारावा खिळा त्यांनी माझ्या शिवणाच्या सुईनं, डोळ्याला भिंग लावून, अर्ध्या दिवसात उठवला. नाक कापलं, मध्ये प्लास्टिकची चकती घातली, भेगेत रंगारी भरतात तसली लांबी भरली आणि पॉलिशपेपरनं घासत बसले. घरभर पांढरी धूळ. घासून झाल्यावर म्हणाले, "हात लाव. जोड लागतो का हाताला?" मी हात लावला आणि नाक पडलं.

तीन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

पण सगळ्यात कहर केला तो वैमानिकानं. अंगठ्याएवढा प्लास्टिकचा माणूस, अंगात कोट. हे त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग मला हाक मारली. "अगं, इकडे ये. ह्याचा कोट बघ. बटणं कुठल्या बाजूला आहेत?"

"मला बटणंच दिसत नाहीत."

"डावीकडे! बायकांचा कोट घातलाय ह्यानं. हा असा लढाईवर जाणार?"

त्याचा कोट तासून, नवा दर्शनी भाग चढवून, बटणं उजवीकडे आणेपर्यंत आठवडा गेला. विमानात बसवल्यावर त्याचं फक्त टाळकं दिसतं. मी 'छान' म्हटलं. संसार असाच टिकतो.

मग आला पंख. खोकं दुकानाच्या काचेत उन्हात पडून राहिलं असणार, कारण पंखाची डावी बाजू वाकलेली होती. सुताराच्या भाषेत चांगलं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खाली. ह्यांना माझा खांदा आठवला असेल तर देव जाणे. माझ्या पसरट पातेल्यात गरम पाणी, त्यात पंख, मग लोखंडी पट्टीला दोऱ्यानं गुंडाळून वर कपडे वाळत घालायचे चिमटे. असा तो पंख हाड मोडलेल्या माणसासारखा तीन आठवडे खिडकीत पडून होता. आमचे ओले कपडे तेवढे दिवस खुर्च्यांवर. शेवटी पट्टी सुटली आणि पंख सरळ निघाला. असा सरळ की ह्यांनी त्याच्यावर बशी ठेवून मला दाखवली.

इकडे हे चाललेलं असताना खाली वेगळंच शिजत होतं. फिटरबाबांची लेक दुसऱ्या गावी राहते, शाळेत शिकवते. थंडीत बाबा एकदा गॅसवर दूध ठेवून फिरायला गेले होते. पातेलं काळंठिक्कर, घरात धूर. नंतर एकदा चुकीच्या बसथांब्यावर दोन तास बसून राहिले आणि विचारलं तर म्हणाले, "हवा खात होतो." हे लेकीच्या कानावर गेलं. तिचं म्हणणं, बाबांनी तिच्याकडे राहायला यावं. बाबांचं म्हणणं, मेलो तरी हलणार नाही.

एक दिवस तिनं माझ्यासमोरच विषय काढला. "बाबा, तुम्ही विसरता. तुम्हाला कळत नाही, पण तुम्ही विसरता."

"किरकोळ विसरतो. महत्त्वाचं नाही विसरत."

"कशावरून?"

बाबा पेटले. "मास्तर ते विमान करतायत ना? माझं विमान? ते पुरं झालं की माझ्या हातात द्या. डोळ्यांनी नाही दिसत मला, हातानं सांगतो बरोबर आहे की नाही. त्यात चुकलो, तर मुकाट्यानं तुझ्याकडे येतो. बरोबर निघालो, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी चहाच्या कपाकडे बघितलं. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार ठरला.

त्या रविवारी ती आली ती दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊनच. मास्तरीण शेवटी, उत्तर आधीच ठरवून आलेली. आमच्या बैठकीत सगळे जमलो. ह्यांनी नवा शर्ट घातला होता. विमान खरंच देखणं झालं होतं हो. शेपटावर सतरा, नाक जागच्या जागी, पंख बशी ठेवावी असा. ह्यांनी ते बाबांच्या तळहातावर ठेवलं, जसं जन्मलेलं पोर आजोबांच्या हातात देतात.

बाबांनी नाकापासून सुरुवात केली. "हां. नाक बरोबर." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "दार बरोबर. शेपूट... हां." मग दोन्ही हातांची बोटं पंखाखालून दोन्हीकडे सरकवत नेली. थांबले. पुन्हा नेली.

"हे सतरा नंबर नाही."

"म्हणजे?" ह्यांचा आवाज चिरका झाला.

"सतरा नंबरचा डावा पंख खाली होता. उतरता. हा सरळ आहे."

"सरळच असतो तो! पुस्तकात नकाशा आहे. नऊ फोटो आहेत. सगळ्यांत सरळ आहे."

"पुस्तकातलं मला माहीत नाही, मास्तर. एकदा उतरताना आपटलं, डावीकडची दांडी मोडली. नवी मिळेना. दुसरं एक मोडकं विमान पडलं होतं, त्याची दांडी कापून मीच बसवली. ती आखूड पडली. मग डावा पंख कायम खाली. वैमानिक ओरडायचा माझ्या नावानं, डावीकडे ओढतंय म्हणून."

लेकीनं हलकेच विचारलं, "मास्तरकाका, असं असू शकतं?"

आणि आमच्या ह्यांनी, खोटं बोलणं ज्यांना जन्मात जमलं नाही, पुस्तक उघडून म्हटलं, "ह्यात तर नाही."

बाबांनी विमान टेबलावर ठेवलं, ठेवताना टेबलाची कड आधी हातानं चाचपली. मग म्हणाले, "मला तर स्वच्छ आठवतंय. पण दुधाखालचा गॅसही बंद केलेला स्वच्छ आठवत होता." आणि लेकीला, "चल. भर बॅगा."

तिनं बॅगा उचलल्या. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं.

दोघं खाली गेली. मी ह्यांच्याकडे वळले. "झालं समाधान?"

"मी काय केलं? पुस्तकात नाही ते आहे म्हणू?"

"पुस्तकात सतरा नंबरचा फोटो आहे?"

हे पानं उलटायला लागले. "सतराचा... नाही. चारचा आहे, नऊचा आहे, बावीसचा..."

"मग? माझा खांदा कुठल्या पुस्तकात होता? गिऱ्हाईक आलं की पुस्तक बघून कापत होतात, की अंगाला टेप लावून?"

"टेप लावायला अंग पाहिजे ना गं!" हे खरंच ओरडले. "सांगितलेल्या मापावर मी आयुष्यात कधी कापलं नाही. माणूस आपलं माप नेहमी चुकीचं सांगतो. विशेषतः पोटाचं."

आम्ही दोघं खाली गेलो, बॅगा भरायला तरी मदत करावी म्हणून.

लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या म्हणजे काय, बोचकी. दोन मिनिटं ह्यांनी सहन केलं. मग तिच्या हातातून कपडा काढून घेतला आणि म्हणाले, "तू पुस्तकं भर, हे माझ्याकडे दे." ट्रंकेतले कपडे एकेक करून काढायचे, झटकायचे, बाही बाहीवर, कॉलर वर. तळाशी एक जुना खाकी शर्ट निघाला, जाड कापडाचा, कामाचा. हे घडी घालायला लागले आणि हात थांबले.

"फिटरसाहेब, हा शर्ट कधीचा?"

"तेव्हाचाच. लढाईतला. दोन वर्षं तोच घालत होतो."

"रफू कुणी केलं हे?"

"छावणीतल्या शिंप्यानं."

"गाढव होता. सुती कापडाला लोकरीचा धागा लावलाय." ह्यांनी शर्ट खिडकीपाशी उजेडात धरला आणि आतून उलटा केला. मी हा चेहरा ओळखते. दुकानात एखाद्या मोठ्या माणसाचा कोट दुरुस्तीला आला की असाच चेहरा व्हायचा. कोट सगळं सांगतो, माणूस काही का सांगेना.

"मला सांगा," हे म्हणाले, "पंखाखाली उभं राहून काय काम असायचं?"

"पंखाच्या पोटाला एक झाकण असायचं. ते उघडून आतल्या तारा रोज तपासायच्या. आतल्या हातानं दांडी धरायची, तोल जाऊ नये म्हणून. बाहेरचा हात वर."

"म्हणजे उजव्या पंखाखाली कुठला हात वर?"

"उजवा. डाव्याखाली डावा."

"वर म्हणजे किती वर?"

"डावीकडे आरामात. उजवीकडे चवड्यांवर उभं राहून, पार काखेतून ताणून. बुटका होतो मी. शिव्या देत ताणायचो."

ह्यांनी शर्ट लेकीपुढे धरला. "बघ. उजव्या काखेत शिवण दोनदा फाटलीय, दोनदा रफू केलीय, तिसऱ्यांदा ठिगळ लावलंय. डाव्या काखेची शिवण बघ. कारखान्यातून आली तशी आहे."

लेक शिक्षिका ना, लगेच मान्य कशी करेल? "काका, उजवा हात सगळेच जास्त वापरतात." आणि बोलता बोलता तिचीच जीभ अडली. "पण बाबा डावखुरे आहेत."

"तेच म्हणतोय! डाव्या हाताचा कफ बघ, झिजून चिंध्या झाल्यात. काम सगळं डाव्या हातानं. आणि काख फाटली ती उजवी." हे बाबांकडे वळले, आणि एक्केचाळीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाला म्हटलं नसेल ते म्हणाले, "साहेब, माप तुमचं बरोबर होतं. मी चुकलो."

बाबा म्हणाले, "एवढं सगळं शर्टावर लिहिलंय?"

"शर्टावर सगळंच लिहिलेलं असतं. तुम्ही तेव्हा डाव्या खिशात काहीतरी चिकट ठेवत होतात, तेही लिहिलंय."

"गूळ," बाबा म्हणाले आणि लाजले.

लेक बॅगेवरच बसली. ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. मी तिकडे बघितलं नाही, कारण मला माझंच कळत नव्हतं.

आता ह्यांना कोण थांबवणार? टेप काढली. दांडी किती आखूड होती? बाबांनी चार बोटं दाखवली. ह्यांनी ती चार बोटं टेपनं मोजली: तीन इंच. तीन इंच भागिले अठ्ठेचाळीस. लेकीनं तोंडी गणित केलं, इंचाचा सोळावा भाग. "अर्धं सूत," बाबा आणि हे एकदमच म्हणाले.

वर येऊन विमान उलटं ठेवलं. डावी दांडी सोडवायची, अर्धं सूत कापायची आणि परत चिकटवायची. पातं हातात घेतलं आणि ह्यांचा हात हवेतच राहिला. "आयुष्यात कधी जाणूनबुजून वाकडं कापलं नाही," म्हणाले.

बाबांनी विचारलं, "मी कापू? मी आधी एकदा कापलीय."

"तुम्हाला दिसत नाही."

"तेव्हाही काही फार दिसत नव्हतं. पाऊस होता."

शेवटी ह्यांनी तीनदा मोजलं, डोळे मिटले, उघडले आणि कापली. गोंद लावला. लेकीनं टाचणीनं दांडी धरून ठेवली, मी श्वास धरून ठेवला. तीन आठवडे पट्टीला बांधून सरळ केलेला पंख अर्ध्या तासात पुन्हा उतरता झाला. मी बशी उचलून आत नेली.

गोंद सुकल्यावर बाबांनी बोटं फिरवली. उजवीकडून डावीकडे, एकदाच. "हं," म्हणाले. "ह्यानंच मला शिव्या खायला लावल्या." आणि विमान बराच वेळ खाली ठेवलंच नाही.

शब्द तो शब्द. लेक संध्याकाळच्या गाडीनं एकटी गेली. जाताना मला जिन्यात गाठून म्हणाली, "काकू, पंख बरोबर निघाला म्हणून दूध उतू जायचं थांबणार आहे का?"

मी म्हटलं, "नाही गं बाई. तुझंही बरोबरच आहे."

आणि झालंही तसंच. चार दिवसांनी खालून करपल्याचा वास आला. पण ह्या वेळी मी जिन्यात पोचायच्या आत बाबाच दारात उभे होते. पूर्वी म्हणाले असते, गॅसच खराब आहे, पातेलंच पातळ आहे, मांजर आलं होतं. ह्या वेळी सरळ म्हणाले, "सूनबाई, विसरलो बघ." मग थोड्या वेळानं, "लेकीला तूच सांगू नकोस. मी सांगतो."

मी फडकं घेऊन आत गेले. त्यांनी फोन लावला. मी पातेलं घासत होते आणि ते तिला सांगत होते, किती वाजता ठेवलं, कसं विसरलो, काय जळलं, सगळं अगदी सविस्तर. पलीकडून तिनं काहीतरी विचारलं असावं, कारण बाबा म्हणाले, "हो, हो, येईन. पण कायमचा नाही. आठ दिवस. आणि मास्तरांना विचारून सांगतो, तुझ्या पडद्यांची मापं घ्यायला तेही येतायत का."

मी ओट्याशी उभी होते. वर जिन्यातून ह्यांची हाक आली. "अगं, किती रुंद आहेत खिडक्या, विचारून ठेव!"